कारखान्यात नसलेला माणूस

आधी माफी मागतो. ज्यांनी लिहावं अशी माणसं वेगळी असतात आणि मी त्यांच्यातला नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. आबा, म्हणजे माझे वडील, नरडाण्याच्या मालधक्क्यावर हमाली करतात. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-वेचणीला जाते. मी जळगावला एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथे पिंप्राळ्यात एका खोलीत आम्ही तिघं विद्यार्थी राहतो. परीक्षेचे पेपर सोडले तर मी मन लावून लिहिलेलं फार थोडं आहे. जे लिहिलं त्यापायी एका माणसाची नोकरी गेली. असं असताना परत लिहायला बसणं हा उद्धटपणाच आहे. कुणाला वाटेल, याला आता सहानुभूती पाहिजे. तसं नसावं अशी माझी इच्छा आहे, पण खात्री देता येत नाही.

तो माणूस म्हणजे नाना. आमच्या गल्लीतले, आबांचे लहानपणापासूनचे सोबती. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकची पोती विणणारा एक कारखाना आहे. खत, सिमेंट, साखर ज्या पांढऱ्या पोत्यांतून येते, ती पोती. तिथे नाना विणकाम खात्यात पाळीचे मुकादम होते. कारखाना उभा राहिला त्या वर्षी ते मागावर लागले आणि पुढे मुकादम झाले. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मुलगी धुळ्याला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात होती. नानांच्या वयाच्या माणसाला वसाहतीत दुसरा कुणी कामावर घेत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आम्हाला उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या कारखान्यात राहून प्रोजेक्ट करायचा असतो. सरांनी मला विषय दिला तो असा: उद्योगाचे कामकाज आणि माहिती तंत्रज्ञान यांचा मेळ आणि त्यातून संस्थेच्या कामगिरीत सुधारणा. मला त्यातलं अर्धं कळलं नाही, पण वहीवर लिहिलं तेव्हा बरं दिसलं. वर्गातल्या इतरांना कुणाच्या काकांची, कुणाच्या मेव्हण्यांची कंपनी होती. मला कुणी नव्हतं. मग आबा नानांकडे गेले आणि नाना मला घेऊन मॅनेजर साहेबांच्या केबिनच्या दाराशी उभे राहिले. पायातल्या चपला त्यांनी बाहेर काढल्या, म्हणून मीही बूट काढले.

“साहेब, आमना गावना पोऱ्या शे. कॉम्प्युटरनं शिकस. दोन महिना बसू द्या त्याले आठे.”

साहेब हसले. “बसू दे ना. आमच्याकडे कॉम्प्युटरचंच दुखणं आहे. तुझा विषय काय?”

मी विषय सांगितला. ते म्हणाले, “वा, हेच पाहिजे होतं.”

दुखणं त्यांनी त्याच दिवशी दाखवलं. दोन वर्षांपूर्वी शेठनी पुण्याच्या लोकांकडून एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. प्रत्येक चार मागांच्या गटाजवळ एक छोटा पडदा होता. पाळी सुरू होताना कामगाराने आपला नंबर त्यावर दाबायचा, मग किती मीटर विणलं, माग किती वेळ थांबला, ते सगळं ऑफिसात दिसणार. गेटवर वेगळं यंत्र होतं, बोट लावायचं. दोन्ही यंत्रं चांगली चालत होती, पण एकमेकांशी जुळत नव्हती.

साहेबांनी दोन्ही तक्ते शेजारी उघडले. “हे बघ. गेटवर हा माणूस साडेनऊला आत आला. आणि हे लूमवर बघ, हाच माणूस सात वाजल्यापासून विणतोय. म्हणजे अडीच तास कारखान्यात नसलेला माणूस माझे लूम चालवतोय. काय, भुताटकी आहे का? शेठ मला दर महिन्याला विचारतात. हे शोधून दे, तुझा प्रोजेक्ट झाला समज.”

मला खरंच आनंद झाला. आतापर्यंत मी फक्त पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं दिली होती, आणि ती पुस्तकाच्या मागे छापलेली असत. याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

विणकाम खात्यात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. गोल माग असतात, त्यात धोटे गरगर फिरतात, आणि मधून कापडाची नळी वर चढत जाते. एक पट्टी तुटली की माग थांबतो. नाना त्या आवाजात पाठमोरे उभे असले तरी कुठला माग थांबला ते त्यांना कळायचं. मी वही घेऊन फिरायचो. पहिले आठ दिवस सगळ्यांनी माझी थट्टा केली.

“साहेब, मी मुतारीले जाई राहिनू, लिखी ल्या!”

“वापस उना का नही ते बी लिखा, नाहीतर पगार कापतीन.”

शिलाई खात्यात एक अक्का होत्या, पोत्याचा तळ शिवायच्या. जेवणाच्या सुटीत त्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काढायच्या आणि मला हाक मारायच्या. म्हणायच्या, “खाई ले रे. लिखी लिखी पोट भरस का?” मी रोज त्यांच्या डब्यातलं खाल्लं, हे इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या आठवड्यात मला ते दिसलं. सकाळची पाळी होती. एका गटावर माणूस नव्हता. शेजारच्या गटावरचा कामगार आला, त्याने त्या पडद्यावर न आलेल्या माणसाचा नंबर दाबला, चारही माग सुरू केले आणि आपल्या चारांकडे परत गेला. मग दोन्हीकडे पळत राहिला. साडेनऊच्या सुमारास तो दुसरा आला, डोक्याचा रुमाल सोडत. दोघं एकमेकांशी काही बोललेसुद्धा नाहीत. पहिला बाजूला झाला, दुसरा उभा राहिला, एवढंच.

मी नानांना विचारलं. त्यांना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं.

“सावड शे ती. तुले सावड माहीत नही?”

माहीत कशी नसणार? आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे. कुणी कुणाला मजुरी देत नाही, कुणी काही लिहीत नाही, आणि कुणी विसरतही नाही. माझी आई अजून सावडीने जाते. फक्त ती कारखान्यात, लोखंडी छपराखाली, पुण्याच्या सॉफ्टवेअरच्या नाकासमोर चालत असेल असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नानांनी मला ती नीट सांगितली. कामगार बहुतेक आजूबाजूच्या गावचे, प्रत्येकाची दोन-चार एकर कोरडवाहू किंवा विहिरीची जमीन. शेतीची वीज ज्या आठवड्यात सकाळची असते त्या आठवड्यात कुणाला तरी पाणी धरायचं असतं. कुणाच्या आईची धुळ्याच्या दवाखान्यात तारीख असते. कुणाला नात्यातल्या मयताच्या तिसऱ्याला जायचं असतं. रजा मागितली तर मिळते, पण दिवसाची मिळते आणि माग दिवसभर उभे राहतात. त्यापेक्षा दोन तास शेजारी बघतो आणि पुढच्या आठवड्यात हा त्याचे बघतो. पण हे कसंही चालत नव्हतं. नव्या माणसाला सावड घेता येत नसे, त्याचे हात बसेपर्यंत. दारू पिऊन राहिलेल्याला सावड नाही. एकावर आठांपेक्षा जास्त माग टाकायचे नाहीत, एका वेळी एका पाळीत दोघांपेक्षा जास्त बाहेर नाहीत. हे सगळं नाना ठरवायचे. आणि सावड दिलेली असली की हजेरीच्या कागदावर ते पूर्ण पाळी लावायचे, कारण त्यांच्या हिशेबाने पाळी पूर्ण झालेलीच असायची. माणूस कोणता होता याने पोत्याला काय फरक पडतो?

कारखान्याचा नियम वेगळा होता. दोन तास उशीर म्हणजे अर्ध्या पाळीचाच पगार. तो नियम भिंतीवर लावलेला होता. सगळे त्याच्यासमोरून जायचे.

मी नानांना विचारलं, “हे मी लिहू का?”

“खरं शे का नही?”

“खरं आहे.”

“मंग लिख. खरं लिखाले कसानं भेव?”

त्यांनी मला थांबवलं नाही, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण त्याचा अर्थ असा नाही की त्यांना धोका कळला होता आणि त्यांनी तो पत्करला. त्यांना वाटलं, गावचा मुलगा लिहितोय, तर आपल्या बाजूनेच लिहील. मलाही तसंच वाटत होतं.

मी खूप लिहिलं. दिवसा पाहायचं, घरी येऊन लिहायचं. मागांच्या थांबण्याच्या नोंदी काढल्या आणि सावडीच्या दिवसांशी लावून पाहिल्या. ज्या पाळीत सावड झाली होती त्या पाळीत माग कमी थांबले होते. ज्या पाळ्यांचे मुकादम सावड देत नसत तिथे माग जास्त उभे होते. मला वाटलं, मी काहीतरी शोधलं. मी लिहिलं की इथे कामकाज बिघडलेलं नाही. कामाची एक जुनी, चांगली रीत आहे आणि सॉफ्टवेअरला ती माहीत नाही. तेव्हा माणसं यंत्राला जुळवण्याऐवजी यंत्र माणसांना जुळवावं. पडद्यावर दोन नंबर दाबायची सोय करावी, कुणाचे माग आणि कोण चालवतंय. एवढं केलं की दोन्ही तक्ते जुळतील आणि कुणाचंच नुकसान होणार नाही. हे वाक्य लिहिल्यावर मी उठून पाणी प्यायलो होतो, इतकं मला ते आवडलं होतं.

सरांनी मसुदा वाचला. म्हणाले, “वर्णन चांगलं आहे. पण पुरावा कुठे आहे? असं चालतं, तसं चालतं, हे कुणीही लिहील. परिशिष्ट जोड. तारीखवार तक्ता दे.”

मी तक्ता दिला. माझ्या वहीत होतंच सगळं. तारीख, कुणाचे माग, कुणी चालवले, किती तास, मंजुरी कुणाची. नावं मात्र मी सगळी काढून टाकली. नावांच्या जागी पडद्यावर दाबायचे नंबर टाकले. कुणाचं नाव येऊ नये याची मी काळजी घेतली, असं प्रस्तावनेत लिहिलंसुद्धा. आज ते वाक्य वाचवत नाही. नाव लिहिलं नाही म्हणजे माणूस झाकला गेला, असं मला वाटलं. त्या सॉफ्टवेअरला नाव ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी नंबर हाच माणूस होता, आणि मी त्याला नंबर दिले. दोन महिने त्या यंत्रासमोर बसून मला एवढं कळलं नाही.

प्रोजेक्ट संपताना साहेबांच्या केबिनमध्ये सादरीकरण झालं. शेठ धुळ्याहून आले होते. मी इंग्रजीत सुरुवात केली, शेठ म्हणाले मराठीत सांग. मी रीत सांगितली, आकडे सांगितले, शिफारस सांगितली. शेठ मान हलवत होते. मग त्यांनी परिशिष्ट उघडलं आणि ते बराच वेळ तिथेच राहिले.

“हे तास लोक बाहेर होते?”

“हो सर, पण माग चालू होते.”

“आणि पूर्ण हजेरी कोण लावतं?”

मला उत्तर येत होतं. वर्गात हात वर करतात तसं मी म्हणालो, “पाळीचे मुकादम, सर.”

शेठ साहेबांकडे वळून म्हणाले, “दोन वर्षं जे तुम्हाला सापडत नव्हतं ते या पोराने दोन महिन्यांत काढलं.” साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बसवला बरं का मेळ.” चहा आला. मी बाहेर आलो तेव्हा नाना दाराशी थांबले होते. त्यांनी विचारलं, “बरं व्हयनं ना?” मी म्हणालो, खूप बरं झालं.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आधीच्या आठवड्यात नानांना ऑफिसात बोलावून कागद दिला. खोट्या हजेऱ्या लावल्या म्हणून उद्यापासून येऊ नये. ज्यांचे नंबर तक्त्यात होते त्यांना लेखी ताकीद मिळाली. मागांजवळच्या पडद्यांना बोट लावायची यंत्रं जोडली. ज्याचा नंबर त्याचंच बोट, आणि दर दोन तासांनी परत. मी तेव्हा पिंप्राळ्यात होतो. आबांनी शेजारच्याच्या फोनवरून सांगितलं, आणि एवढंच म्हणाले, “नाना घर बठेल शे.”

त्या रविवारी मी गावी गेलो. नानांकडे कानबाई बसायची होती. दरवर्षी त्यांच्या घरी रोटाला, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जेवणाला, अख्खी गल्ली जाते. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेलो.

साहेबांनी मला बसवलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

“साहेब, मी तसं लिहिलं नव्हतं. मी शिफारस लिहिली होती.”

“वाचली ना. चांगली आहे. पण असं बघ, आधी नियमाबाहेरचं बंद करायचं असतं, सुधारणा त्याच्या नंतर.”

“पण आता माग जास्त थांबत असतील.”

“थांबतात.” साहेबांनी पडदा माझ्याकडे फिरवला. त्यात लाल पट्टे होते. “पण थांबलेले दिसतात ना आता? कुणामुळे थांबले तेही दिसतं. आधी दिसत नव्हतं. तुमच्या पुस्तकात याला पारदर्शकता म्हणतात, हो ना?”

म्हणतात. मी त्यावर एक प्रकरण लिहिलं होतं.

“नानांना तरी परत घ्या, साहेब. त्यांनी स्वतःसाठी काही केलं नाही.”

“ते माझ्या हातात नाही रे. शेठचा निर्णय आहे. आणि तू कशाला मनाला लावून घेतोस? तू तुझं काम केलंस.”

गेटवर अक्का भेटल्या. त्यांची पाळी सुरू होत होती. त्या थांबल्या नाहीत, चालता चालताच म्हणाल्या, “उना का रे मोजनारा? आते कोनले मोजशी?” त्यांच्या सोबतच्या बायका हसल्या. त्या हसण्यात फार काही नव्हतं.

कॉलेजात माझ्या प्रोजेक्टला सगळ्यात जास्त गुण पडले. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, आजकालची मुलं घरी बसून प्रोजेक्ट बनवतात, याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन माणसांशी बोलून लिहिलंय, हे दिसतं. कंपनीने काही बदल अमलात आणले का, असं त्यांनी विचारलं. सर माझ्या आधी म्हणाले, “लगेच आणले.” तोंडी परीक्षेच्या तक्त्यात त्याचेही गुण होते. सरांनी मला पहिल्या वर्षाच्या वर्गासमोर अर्धा तास बोलायला सांगितलं. मी बोललो. परिशिष्ट कसं तयार करावं, यावर.

हे सगळं सांगताना मी कुणाला दोष देतोय असं वाटू नये. सरांना नाना माहीत नव्हते. साहेबांना शेठना उत्तर द्यायचं होतं. मी आजही वर्गात तोच विषय शिकतो, आणि पुस्तकात सगळीकडे बाण असतात, एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाणारे. चौकटी कधीच रिकाम्या नसतात. कुणी उठून गेलं तर त्या चौकटीत काय राहतं, ते कुठे दिलेलं नाही.

एकदा गावी जेवताना आबा म्हणाले, “लिखी दे शेठले.”

“काय लिहू?”

“जे खरं शे ते. नानानी सोतासाठी काही करं नही, असं लिखी दे. तोंडनं बोलनं वारावर जास. लिखेल कागद ऱ्हास.” आबांनी आयुष्यात जे काही मिळवलं ते कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन मिळवलं होतं. रेशन कार्ड, घरकुल, माझी शिष्यवृत्ती. अर्ज नीट असला आणि खाली सही असली की साहेब लोक वाचतात, ही त्यांची श्रद्धा. माझीही होती, नाहीतर मी एवढा शिकलोच नसतो.

मी तीन वेळा पत्र लिहिलं. शेवटचं मला नीट वाटलं. त्यात लिहिलं की मी दोन महिने खात्यात हजर होतो आणि मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे. कामगार एकमेकांच्या जागी काम करत, हे खरं आहे. नाना त्याला परवानगी देत आणि पूर्ण हजेरी लावत, हेही खरं आहे. परंतु त्यात त्यांचा कसलाही स्वार्थ नव्हता, उलट कारखान्याचा फायदाच झाला, तेव्हा त्यांना परत कामावर घ्यावं, ही नम्र विनंती. खाली माझं पूर्ण नाव, पत्ता, कॉलेज, सही आणि तारीख. म्हणजे शेठना वाटू नये की निनावी आहे. जळगावच्या पोस्टातून रजिस्टर केलं. पोहोच आठ दिवसांत परत आली. उत्तर आलं नाही.

दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा नानांकडे जायचं टाळता येईना. आईने फराळाचं ताट माझ्याच हाती दिलं. नाना ओट्यावर होते. माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा बदलला नाही. नेहमीसारखं म्हणाले, “ये. पेपर कशा गयात?”

मग त्यांनीच सांगितलं. त्यांनी धुळ्याला कामगार खात्यात तक्रार केली होती, समेटाच्या बैठकीला तारखा मिळत होत्या. मला हे माहीत नव्हतं. आबांना माहीत होतं, पण माझ्या डोक्याला ताप नको म्हणून सांगितलं नव्हतं.

“धुळाना एक जन शे, कामगारस्नी लिखापढी पाहस. तो सांगस, कंपनीकडे सहीनं काहीच नही. तुनं पुस्तक शे, पन ते कॉलेजनं. त्यामा आकडा शेत, नाव नही. लूमवाला सगळा मनाकडथीन शेत. फक्त इतलं बोलानं, सावडबिवड काही नव्हती, मशीननीच चूक शे. मंग कंपनीले घेनंच पडी.”

मी ताट धरून उभा होतो.

“माले खोटं बोलनं गोड नही लागस,” नाना म्हणाले, “पन पोरनं एक वरीस ऱ्हायनं. तीन वरीस मनं. तेवढं निघी जावो.”

तेव्हा मला सांगायला हवं होतं. नाना, मी सही करून लिहून दिलंय, असं चार शब्दांत. त्यांनी त्या धुळ्याच्या माणसाला विचारलं असतं, त्याने काहीतरी दुसरा रस्ता काढला असता, निदान तसं बोलले नसते. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी विचार केला, पत्राचं उत्तर आलेलं नाही म्हणजे शेठनी ते वाचलंच नसेल. अशी पत्रं टोपलीत जातात. मी विचार केला, सणाच्या दिवशी नको. जायच्या आधी सांगू. असे तीन-चार विचार मी एकामागून एक केले, आणि तेवढ्यात नानांची बायको पाणी घेऊन बाहेर आली.

“तू गप का बरं बठना?” नाना म्हणाले. “फराळ खाय.”

मी चिवडा खाल्ला आणि घरी आलो. सुटी संपेपर्यंत चार दिवस होते. चारही दिवस मी त्यांच्या घरावरून गेलो. मग गाडीत बसून जळगावला आलो. पुढे उत्तर न येण्याचं मला बरं वाटायला लागलं. पिंप्राळ्याच्या खोलीवर पोस्टमन आला की मी सगळ्यांआधी दाराशी जायचो आणि पत्र दुसऱ्याचं निघालं की मी अभ्यासाला बसायचो. दर रविवारी आईला फोन करायचो, पण नानांचं विचारत नव्हतो. आईही आपण होऊन काही सांगत नव्हती.

मागच्या रविवारी तिने सांगितलं. ती हरभऱ्याच्या शेतातून नुकतीच आली होती, आधी पाठ दुखते वगैरे बोलली. मग म्हणाली, तुझे आबा नानांसोबत धुळ्याला गेले होते, शेवटच्या तारखेला. येऊन आठ दिवस झाले, मलाही काल रात्री सांगितलं. बैठकीत नानांनी शिकवल्याप्रमाणे सांगितलं की कुणी कुणाच्या जागी कधी काम केलं नाही. तेव्हा कंपनीच्या माणसाने एक पत्र काढून कामगार खात्याच्या साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं, खालचं नाव आणि गावसुद्धा. मग त्यांनी नानांना विचारलं, म्हणजे हा मुलगा खोटं सांगतो, असं तुमचं म्हणणं आहे का? तसं असेल तर त्याला बोलावून घेऊ.

नाना म्हणे बोलले, “नही साहेब. पोऱ्याले नका बलावू. त्यानं लिखेल बरोबर शे.” आणि तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करून आबांसोबत दुपारच्या गाडीने परत आले.